दोन भिंगांचा डबा

मी शिकलो मॅट्रिकपर्यंत, म्हणजे आजच्या भाषेत दहावी. पुढे चित्रकलेची पदविका पदरात पाडून घेतली, कऱ्हाडच्या बाजूच्या एका गावी शाळेत चिकटलो आणि रिकाम्या वेळात कादंबऱ्या लिहू लागलो. तेव्हा यंत्रांच्या इतिहासावर लिहिण्याचा तुमचा अधिकार काय, असे कोणी विचारील तर माझ्याजवळ एकच उत्तर आहे. असले एक यंत्र मी स्वतः घरी बनवले आहे. आणि त्या यंत्राने माझ्याविषयी एक गोष्ट मला सांगितली, जी सदतीस वर्षांत ना आईवडिलांना कळली होती, ना शाळेला, ना मला.

हकीकत 2016 सालच्या दिवाळीच्या सुट्टीतली. किल्ला बांधून झाला होता, चिवडा संपत आला होता, आणि आळीतली पाच-सहा मुले "सर, आता काय करायचं?" म्हणून ओट्यावर बसली होती. त्या वर्षी व्हर्च्युअल रिॲलिटी या शब्दाचा फार गवगवा होता. मराठीत त्याला आभासी वास्तव म्हणतात. मला तो शब्द एखाद्या बुवांच्या प्रवचनातला वाटतो. पण वस्तू साधी होती. मोबाइल फोनच्या पडद्याचे दोन भाग करायचे. डाव्या भागात डाव्या डोळ्याचे चित्र, उजव्या भागात उजव्या डोळ्याचे. मध्ये पुठ्ठ्याची भिंत, म्हणजे एका डोळ्याने दुसऱ्याच्या ताटात डोकावू नये. आणि प्रत्येक डोळ्यापुढे एक बहिर्वक्र भिंग, म्हणजे नाकासमोरचा पडदा दूर असल्यासारखा दिसावा.

आम्ही बुटाचे खोके कापले. पंचेचाळीस मिलिमीटर नाभीय अंतराची दोन भिंगे टपालाने मागवली होती. दोन भिंगांच्या मध्यांतले अंतर मोठ्या माणसाच्या डोळ्यांच्या मापाने, म्हणजे सुमारे त्रेसष्ट मिलिमीटर ठेवले, तर मुलांना चित्र दुहेरी दिसू लागले. मुलांचे डोळे जवळ असतात, हे चेहरा काढायला शिकवणाऱ्या मास्तराच्या ध्यानात येऊ नये ही शरमेची गोष्ट. पुन्हा भोके पाडली. माझ्या फोनमध्ये जायरोस्कोप नव्हता. मान वळवली की चित्र वळावे, ते कामच होईना. शेवटी मुख्याध्यापकांचा फोन मागून आणला.

पहिल्या मुलाने डबा डोळ्यांना लावला आणि एकदम मागे सरकून कट्ट्यावरून पडलाच. "सर, मासा अंगावर आला!" मग एकच गलका झाला. एकजण हवेत हात घालून मासे धरू लागला. आमच्या सौभाग्यवतींनी पाहिले आणि "अगं बाई!" म्हणून त्यांनी पदर सावरला. शेवटी मी पाहिले. मला दिसले ते एक निळे चित्र. चांगले होते; पण आले नाही काही अंगावर. मला वाटले, मंडळी उगाच कौतुक करताहेत. माझी हकीकत इथेच ठेवून जरा मागे जातो, कारण या डब्याचे घराणे मोठे आहे.

लंडनला वाद्ये बनवणाऱ्या एका घरात चार्ल्स व्हीटस्टन नावाचा मुलगा वाढला. कॉन्सर्टिना ही हातात धरायची भात्याची पेटी त्याचीच. विजेच्या तारायंत्रातही त्याचा वाटा मोठा. या माणसाने 1838 साली रॉयल सोसायटीपुढे एक निबंध वाचला. त्याचे म्हणणे असे, की आपले दोन डोळे एकच वस्तू दोन किंचित निराळ्या जागांवरून पाहतात, दोघांना दोन निराळी चित्रे दिसतात, आणि मेंदू त्या फरकातून खोली काढतो. हे सिद्ध करायला त्याने दोन आरसे कोनात उभे केले आणि बाजूंना दोन चित्रे लावली. डाव्या डोळ्याला डावे, उजव्याला उजवे. कागदावरची सपाट रेघांची आकृती एकदम हवेत उभी राहिली. यंत्राचे नाव त्याने स्टिरिओस्कोप ठेवले.

त्यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट अशी, की त्या साली छायाचित्रणाची कला अजून जाहीर व्हायची होती. दागेरचा शोध जगापुढे आला तो 1839 मध्ये. म्हणजे जगातली पहिली आभासी खोली दाखवली ती हाताने काढलेल्या रेघांनी! मी वर्गात यथार्थदर्शन शिकवतो. रेल्वेचे रूळ दूर जाऊन एका बिंदूत मिळतात, ते प्रकरण. त्यात एका डोळ्याने पाहिलेले जग कागदावर उतरते. व्हीटस्टनने दुसऱ्या डोळ्याचा हिशेब मांडला. आपल्या भाषेत राहायच्या जागेलाही खोली म्हणतात आणि विहिरीच्या मापालाही. हा शब्द ज्याने कोणी पहिल्याने दोन्हीकडे वापरला, त्याला हे सारे आधीच कळले असावे असे मला उगाच वाटते.

आरशांचे यंत्र टेबलभर होते. स्कॉटलंडच्या डेव्हिड ब्रूस्टरने 1849 साली आरसे काढून भिंगे बसवली आणि यंत्र हातात मावू लागले. शोभादर्शक, म्हणजे बांगड्यांच्या काचांचा तो कॅलिडोस्कोप, याच ब्रूस्टरचा. या दोघांचे पटत नसे; श्रेय कोणाचे यावरून वर्तमानपत्रांत पत्रोपत्री झाली. विद्वानांच्या भांडणात आपण पडू नये. पण 1851 च्या लंडनच्या महाप्रदर्शनात व्हिक्टोरिया राणीने ब्रूस्टरचा डबा पाहिला, तिला तो आवडला, आणि मग तो दिवाणखान्यादिवाणखान्यांतून गेला.

यानंतरचा माणूस मात्र माझ्या जातीचा, म्हणजे लेखक. अमेरिकेतल्या बॉस्टनचा ऑलिव्हर वेंडेल होम्स हा पेशाने डॉक्टर, वृत्तीने निबंधकार. 1859 साली त्याने या खेळण्यावर एक लांबलचक निबंध लिहिला. आणि 1861 च्या सुमारास स्वतःच एक सोपे यंत्र तयार केले. एक लाकडी दांडी, खाली मूठ, पुढे सरकणारी चित्राची चौकट, डोळ्यांशी भिंगे आणि कपाळाला टेकणारी झापड. बस्स. त्याने मुद्दामच पेटंट घेतले नाही. ज्याला सुतारकाम येते त्याने बनवावे. अमेरिकेत तसल्या दांड्या मग घरोघर झाल्या. कादंबरीकारांनी जगाला काही उपयोगाचे दिले नाही असे आमचे विज्ञानाचे मास्तर म्हणतात; त्यांच्यासाठी होम्सचे नाव मी टिपून ठेवले आहे.

या दांडीवर लावायची चित्रे काढण्यासाठी कंपन्यांचे छायाचित्रकार जगभर हिंडत. त्यांतला एक जेम्स रिकॅल्टन हा मूळचा शाळामास्तर. एडिसनने 1888 साली दिव्याची तार करण्याजोगा बांबू शोधायला याला पूर्वेकडे पाठवले होते. मास्तर परतला, शाळेत शिकवू लागला. पण एकदा वारे लागलेला माणूस वर्गात किती टिकणार? पुढे त्याने अंडरवुड अँड अंडरवुड या कंपनीसाठी हिंदुस्थानची शंभर जोडचित्रे असलेला संच केला. त्यात आपली मुंबईही आहे. अमेरिकेतल्या थंडीत शेगडीशी बसून कोणी आजीबाई दांडी डोळ्यांना लावीत आणि मुंबईच्या रस्त्यात उभ्या राहत.

आपल्याकडेही ही हौस अगदीच नव्हती असे नाही. कल्याणला महादेव गोपाळ पटवर्धन यांनी 1892 साली शांबरिक खरोलिका दाखवायला सुरुवात केली. हाताने रंगवलेल्या काचा, मागे दिवा, पुढे भिंग, आणि भिंतीवर हलणारी पुराणातली पात्रे. ती दोन डोळ्यांची किमया नव्हे. पण घरात बसून जग उभे करण्याची खटपट तीच. आणि आमच्या लहानपणी गावोगाव पोरांचा सिनेमा असे, तो आठवतो का? उडालेल्या दिव्याच्या बल्बमधली तार काढून त्यात पाणी भरायचे, झाले भिंग! बाहेर एकाने आरशाने ऊन पाठवायचे, आत खोक्याच्या भोकात फिल्मचा तुकडा धरायचा, आणि समोरच्या धोतरावर नायक उलटा उमटायचा. पोर चुकून फिल्म सुलटी धरी तेव्हा. त्या बल्बचा टाचेवर पडलेला वण माझ्या पायावर आहे.

विसाव्या शतकात या खटपटीला भलतेच पंख फुटले. मॉर्टन हायलिग नावाच्या सिनेमावाल्याने सेन्सोरामा नावाची एक मोठी पेटी बांधली आणि 1962 साली तिचे पेटंट मिळवले. आत डोके घालून बसायचे. मोटारसायकलवरून ब्रुकलिनच्या रस्त्यांत फिरायचे. खुर्ची हादरे, तोंडावर वारा येई, वासही येत. पैसा घालायला मात्र कोणी पुढे आले नाही. त्याच्यावर एक कादंबरी होईल.

आणि 1968 साली हार्वर्डमध्ये आयव्हन सदरलंड याने बॉब स्प्राउल या विद्यार्थ्याला बरोबर घेऊन जे केले, ते या इतिहासातले मोठे वळण. डोळ्यांपुढे दोन छोट्या चित्रनळ्या, आणि डोके कुठे वळले ते मोजायला छतापासून लोंबणारा दांडा. पाहणाऱ्याला दिसे ते नुसत्या प्रकाशरेषांचे एक घनाकृती पिंजऱ्यासारखे चित्र, हवेत तरंगणारे. पण मान हलवली की ते चित्र हिशेबाने बदले. तुम्ही बाजूला सरकलात तर त्याची दुसरी बाजू दिसे. व्हीटस्टनचे चित्र स्थिर होते. सदरलंडचे तुमच्या हालचालीला उत्तर देई. आपल्या निबंधात त्याने एक गोष्ट नमूद करून ठेवली आहे, ती वाचकांनी लक्षात ठेवावी, कारण मला ती पुढे लागणार आहे. दोन डोळ्यांना दोन चित्रे दाखवणे महत्त्वाचे खरे. पण डोके हलल्यावर चित्रात होणारा बदल त्याहून महत्त्वाचा.

1980 नंतर अमेरिकेच्या नासाच्या एम्स केंद्रात असली शिरस्त्राणे पुन्हा तयार झाली. लष्कराच्या शिरस्त्राणाची किंमत परवडेना, तेव्हा तिथल्या मंडळींनी खिशातल्या टीव्हीचे बाजारू पडदे वापरले. म्हणजे सरकारी शास्त्रज्ञांनीही शेवटी आमच्याप्रमाणे जुळवाजुळवच केली! मग कंपन्या आल्या. हाताच्या हालचाली संगणकाला कळवणारा हातमोजा निघाला. किंमत हजारो डॉलर. पण 1989 मध्ये मॅटेल कंपनीने मुलांच्या खेळासाठी त्याची स्वस्त आवृत्ती काढली, शंभर डॉलरच्या आतली. बोटांवर वाहक शाईच्या पट्ट्या. बोट वाकले की पट्टीचा विद्युतरोध बदलतो. हात कुठे आहे ते कानाला न ऐकू येणाऱ्या ध्वनीने कळते. मुलांना ते खेळणे फारसे आवडले नाही. हौशी माणसांनी मात्र त्याच्यावर झडप घातली. तारा तोडून ते घरच्या संगणकाला जोडले. कॅनडातल्या वॉटर्लूचे बर्नी रोल आणि डेव्ह स्टॅम्पे यांनी साध्या 386 संगणकावर त्रिमिती जग चालवणारी आज्ञावली लिहून फुकट वाटून टाकली. 1994 साली तर लिंडा जेकबसन यांचे या विषयावर एक जाडजूड पुस्तकच निघाले; त्याच्या नावातच गराज हा शब्द आहे. आपल्याकडे गराज म्हणजे ट्रकची दुरुस्ती. तिकडे म्हणे तिथे नव्या कंपन्या जन्मतात.

तरी ती लाट ओसरली. पडदे धुरकट, चित्र मागे राहणारे. मान वळवल्यावर चित्र यायला सेकंदाच्या पन्नासाव्या भागाहून अधिक उशीर झाला तर अनेकांचे डोके गरगरते. शौकीन दमले, कंपन्या बुडाल्या, शिरस्त्राणे भंगारात गेली.

ते भंगार गोळा करणारा एक पोरगा कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचला होता, पामर लकी. 1992 चा जन्म. म्हणजे माझ्या पहिल्या तुकडीतल्या विद्यार्थ्यांएवढा. घरच्या गराजमध्ये जुनी यंत्रे उघडता उघडता त्याला एक गोष्ट उमगली. आधीची मंडळी भारी, अनेक भिंगांची रचना करून चित्र सरळ ठेवायचा आटापिटा करीत. त्याने फोनचा मोठा, स्वस्त पडदा घेतला आणि साधे भिंग लावले. साधे भिंग चित्र कडांना ताणते; ताणू दे. संगणकाने चित्र आधीच उलट दिशेने फुगवून काढले की भिंग ते सरळ करते. फुगलेली पुरी दाबून सपाट करावी तसे. 2012 च्या ऑगस्टमध्ये त्याने लोकांकडे अडीच लाख डॉलर मागितले; मिळाले जवळजवळ चोवीस लाख. 2014 साली फेसबुकने त्याची कंपनी दोनशे कोटी डॉलरना घेण्याचा करार केला. त्याच वर्षी जूनमध्ये गुगलच्या पॅरिसमधल्या दोन कामगारांनी, डेव्हिड कोझ आणि डेमिअन आन्री यांनी, फावल्या वेळात केलेला पुठ्ठ्याचा डबा जगापुढे आला. नमुना सर्वांना मोफत. कापा, दुमडा, लावा. गुगलने 2021 मध्ये तो डबा विकणे थांबवले. पण पुठ्ठा काही संपला नाही. आमच्या ओट्यावरचे बुटाचे खोके हे त्याच डब्याचे धाकटे भावंड.

आता माझ्या निळ्या चित्राकडे.

त्या संध्याकाळी एका मुलाने गंमत म्हणून डाव्या भिंगावर बोट ठेवले आणि विचारले, "सर, आता काय दिसतंय?" मी म्हटले, "तेच." मग त्याने उजव्यावर बोट ठेवले. चित्र धुक्यात गेले. मी पुन्हापुन्हा करून पाहिले. रात्री मुले गेल्यावरही. माझा डावा डोळा बाहेरून चांगला होता, पण मेंदूने त्याचे ऐकणे सोडून दिले होते.

मिरजेच्या डॉक्टरांनी त्याला आळशी डोळा म्हणतात असे सांगितले. लहानपणीच एका डोळ्याचा नंबर फार निराळा असला की मेंदू दुसऱ्यावर भिस्त ठेवतो आणि पहिला बिनकामाचा होतो. आठ-नऊ वर्षांचा असताना माझे डोळे एकदा तपासले गेले होते. दोन्ही उघडे ठेवून पाटीवरची अक्षरे वाचायला लावली, मी खडाखड वाचली. मग एकेक डोळा झाकून पाहायला कोणाला वेळ होता! क्रिकेटमध्ये झेल माझ्या छातीवर येऊन आदळे आणि पोरे मला "भोपळा" म्हणत. सुईत दोरा ओवायला मला नेहमी तीन प्रयत्न लागतात. पाटावरच्या वाटीत तूप वाढताना धार बाहेर पडते, आणि त्याबद्दल घरात एकवीस वर्षे मी बोलणी खातो आहे. सगळ्याचा हिशेब त्या खोक्याने एका संध्याकाळी लावला. आणि मी इतकी वर्षे शेकडो मुलांना कागदावर खोली कशी दाखवावी ते शिकवत होतो!

डॉक्टर म्हणाले, या वयात फार आशा धरू नका. मग मी वाचू लागलो, आणि हा सारा इतिहास मला त्या वाचनातच सापडला. फ्रान्सचा एमिल जाव्हाल हा मूळ खाणींचा इंजिनिअर. त्याच्या बहिणीचा डोळा तिरळा होता. त्याने वैद्यक शिकून स्टिरिओस्कोप हाती घेतला आणि त्याच खेळण्यावर तिच्याकडून महिनोन्‌महिने सराव करून घेतला. पुढे काचबिंदूने जाव्हालची स्वतःची दृष्टी गेली. अमेरिकेतल्या सूझन बॅरी या मेंदूविज्ञानाच्या प्राध्यापिका, लहानपणापासून तिरळ्या. दोन्ही डोळ्यांनी खोली पाहणे त्यांना अठ्ठेचाळिसाव्या वर्षी साधले, आणि त्यासाठी वापरलेले एक साधन म्हणजे दोरीत ओवलेले रंगीत मणी. एक टोक भिंतीला, एक नाकाशी. ज्या मण्यावर नजर लावाल तिथे दोन दोऱ्या एकमेकींना छेदताना दिसल्या पाहिजेत. आणि जेम्स ब्लाहा या कॅलिफोर्नियाच्या तरुणाने 2013 साली पामर लकीचे शिरस्त्राण विकत घेऊन घरीच एक खेळ लिहिला. त्यात आळशी डोळ्याला चित्र ठळक दिसे, चांगल्या डोळ्याला फिके. काही आठवड्यांनी त्याला आयुष्यात पहिल्यांदा खोली दिसू लागली. सगळ्यांना हे साधते असे नव्हे. मलाही साधलेले नाही. सौ.च्या तुटलेल्या माळेचे तीन मणी ओवून मी खिडकीच्या गजाला दोरी बांधली. मला अजून एकच दोरी दिसते.

गेल्या उन्हाळ्यात मात्र पुण्याला मेव्हण्याच्या घरी गेलो होतो. त्याच्या मुलाकडे नवे शिरस्त्राण आहे. ते नुसती मान वळलेली नव्हे, तर माणूस किती पुढे-मागे सरकला तेही ओळखते. "काका, बघा तर खरं," म्हणून त्याने ते माझ्या डोक्यावर चढवले. समोर एक मोठा दगडी खांब होता, सपाटच. मी सहज डावीकडे झुकलो, तर खांबामागून एक दरवाजा सरकत बाहेर आला. उजवीकडे झुकलो, दरवाजा आत गेला. पुन्हा डावीकडे. मेव्हण्याच्या दिवाणखान्यात मी किती वेळ झुलत होतो कोणास ठाऊक. सदरलंडने 1968 मध्ये लिहून ठेवले होते ते हेच. माझ्यासारखा एका डोळ्याचा माणूस जन्मभर मान हलवूनच खोली मोजत असतो. मला ते माहीत नव्हते इतकेच.

बुटाचे खोके अजून आहे. दर जूनला पाचवीचा नवा वर्ग आला की पहिल्या तासाला मी ते काढतो. मुलांना वाटते सरांचा खेळ. एकेक मूल येते, मासे बघते, ओरडते. मी भिंगांवर आळीपाळीने बोट ठेवतो. डॉक्टरांनी मला बजावले आहे, की ही तपासणी नव्हे, शंका आली तर पाठवा. आजवर दोनदा पाठवले. पहिला मुलगा नीट निघाला, भिंगच पुसलेले नव्हते.

दुसरी यंदाची. ती ओरडली नाही. "छान आहे, सर," म्हणाली, अगदी मी म्हणालो असतो तशी. तिचे वडील म्हणाले, "मास्तर, पोरगी पयली येती वर्गात, डोळ्याला काय झालंय?" दोन खेपा घातल्यावर ते मिरजेला गेले. दहा वर्षे हे वय पट्टीला थोडे उशिराचे, पण उपयोग होतो, असे डॉक्टरांचे मत पडले. आता ती रोज दोन तास चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधते. शाळेत बांधायला तयार नव्हती, मुले चिडवतात. मग मधल्या सुट्टीत चित्रकलेच्या खोलीत बसायचे ठरले. मी दाराला दोरी बांधून ठेवली आहे, मणी तेच. काल पट्टी सोडून तिने दोरी नाकाशी धरली आणि बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "सर, लाल मण्यापाशी दोरीला फाटा फुटल्यासारखं दिसतंय. माझं काही चुकतंय का?"